तारीख न देता निघणे

नोकरी सोडून शिडाच्या छोट्या बोटीवर राहायला जाणार, असे पुण्यात कोणाला सांगितले की पहिला प्रश्न पैशाचा येतो आणि दुसरा वादळाचा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींबद्दल पुढे लिहिले आहे. परंतु गेल्या काही हंगामांत माझ्या आणि पत्नीच्या ध्यानात आलेली गोष्ट वेगळीच आहे. पगार, घर, गाडी, रविवारची मंडई यांतले काहीही सोडणे वाटते तितके जड जात नाही. जड जाते ते तारीख देणे सोडणे. ज्या शहरात व्याख्यान सहाचे असेल तर श्रोते पावणेसहाला जागा धरून बसतात आणि सहा वाजून पाच मिनिटांनी घड्याळाकडे पाहू लागतात, त्या शहरात वाढलेल्या माणसाला ‘आम्ही रत्नागिरीला गुरुवारी पोहोचू, नाहीतर रविवारी, नाहीतर जयगडलाच राहू’ असे बोलायला मनाची बरीच तयारी करावी लागते.

मी भोसरीतल्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचे काम पाहत असे आणि पत्नी शाळेत गणित शिकवत असे. मुलगी नोकरीला लागली, घराचे हप्ते फिटले, आणि मुंबई बंदरात पडून असलेली एक जुनी, २८ फुटांची, फायबरग्लासची शिडाची बोट आम्ही घेतली. पावसाळा संपल्यापासून मे महिन्यापर्यंत आम्ही बहुधा तिच्यावर असतो आणि पावसात कोथरूडच्या घरी. जगप्रदक्षिणेचा आमचा मानस नाही. मुंबईपासून दक्षिणेला कोकण, गोवा, कारवार आणि त्याच्या पुढे जमेल तितके, एवढाच आमचा प्रदेश. हे आधीच सांगून टाकलेले बरे, कारण शिडाची बोट म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एकदम दक्षिण अमेरिकेच्या टोकाचे केप हॉर्न उभे राहते आणि मग मालवणचे नाव काढले की त्याचा विरस होतो.

बोटीचा वेग हा या सगळ्या हिशेबाचा पाया आहे, म्हणून तो आधी घेतो. पाणी कापत जाणारी बोट आपल्या नाळेशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, एक लाट उठवते. वेग वाढतो तशी त्या लाटेची लांबी वाढत जाते, आणि ती बोटीच्या पाण्यालगतच्या लांबीइतकी झाली की बोट स्वतःच उठवलेल्या लाटेच्या खळग्यात अडकते. त्यापुढे कितीही शीड चढवले तरी तिला वेग येत नाही. पाण्यालगतच्या लांबीचे फुटांतले वर्गमूळ काढून त्याला १.३४ ने गुणले की हा कमाल वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत, मिळतो. आमच्या बोटीची ती लांबी २४ फूट आहे, म्हणजे उत्तर साडेसहा नॉट येते, आणि प्रत्यक्षातली सरासरी साडेचारच्या पुढे क्वचितच जाते. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, त्यामुळे आमचा वेग ताशी आठ किलोमीटरांहून थोडासा अधिक होतो. एसटी पुण्याहून मुंबईला ज्या अंतराला चार तास घेते, त्याला आम्हाला अठरा तास लागले असते. मुंबई ते पणजी हे सुमारे २२० सागरी मैलांचे अंतर न थांबता कापायचे म्हटले तर वाऱ्याने साथ दिल्यास दोन दिवस आणि दोन रात्री लागतात.

वाऱ्याची साथ हा मात्र निव्वळ नशिबाचा भाग नाही. खारे वारे आणि मतलई वारे यांची आकृती आपण सगळ्यांनी शाळेत भूगोलाच्या वहीत काढलेली असते, बाणांसकट, आणि परीक्षेनंतर ती विसरलेलीही असते. कोकण किनाऱ्यावर नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत ती आकृती रोज, जवळजवळ वेळापत्रकाप्रमाणे, समोर घडते. पहाटे चार-पाचला मतलई वारा जमिनीवरून, पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून वाहत असतो. किनारा जवळ असल्यामुळे त्याला लाट उठवायला अंतरच मिळत नाही, त्यामुळे वारा भरपूर आणि पाणी सपाट अशी दुर्मीळ सोय होते. किनाऱ्यापासून मैल-दोन मैलांवर राहून दक्षिणेला निघाले की सकाळचे चार तास उत्तम जातात. दहाच्या सुमारास हा वारा पडतो. मग मध्ये एक पोकळी येते, कधी तासाभराची, कधी तीन तासांची, जिच्यात शीड लोंबते, डोलकाठीवरची तारेची दोरखंडे विनाकारण खडखडतात आणि इंजिन सुरू करावे की नाही यावर नवरा-बायकोत मतभेद होतात. (माझे मत थांबावे असे असते. पत्नीचे मत उन्हाच्या प्रमाणात बदलते.) दुपारी एक-दोनला वायव्येकडे पाण्याचा रंग गडद होऊ लागतो, ती रेघ पुढे सरकत येते, आणि बारा-पंधरा नॉटांचा खारा वारा अंगावर येतो. दक्षिणेला जाणाऱ्याला तो पाठीमागून तिरका मिळतो, जो शिडाच्या बोटीला सर्वांत सोयीचा. सूर्यास्ताच्या आत एखाद्या खाडीत शिरून नांगर टाकावा, हा झाला एक दिवस.

परतताना चित्र पालटते. शिडाची बोट वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊ शकत नाही. वाऱ्याशी साधारण ४५ अंशांचा कोन राखून, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे अशी नागमोडी वाट काढत तिला पुढे सरकावे लागते. त्यामुळे नकाशावरचे २० मैल प्रत्यक्षात २८ होतात, आणि समोरून येणारी लाट वेग खाते तो हिशेब वेगळाच. मार्च-एप्रिलमध्ये मतलई वारा दुबळा होतो आणि दुपारचा वायव्येचा वारा दांडगा. जाताना जो टप्पा एका दिवसात झाला त्याला येताना तीन दिवस लागणे ही विशेष गोष्ट नव्हे. म्हणून गोव्याला जाण्याचा अंदाज मी एक वेळ देईन, परतीचा देत नाही.

वाऱ्याच्या जोडीला भरती-ओहोटी आहे, आणि तिच्यामुळे पुणेकर माणसाची वेळेची कल्पना मुळापासून हलते. शिडे चालवायला आम्ही मुंबईला शिकलो. शिकायच्या दिवशी पुण्याहून सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन धरावी लागे. ही गाडी १९३० सालापासून धावते आहे आणि तिच्या वेळेवर पुण्याची मुंबईत नोकरी करणारी कित्येक घरे लावलेली आहेत. भरती मात्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. एका शनिवारी पाणी दुपारी भरलेले, तर पुढच्या शनिवारी त्याच वेळी होड्या चिखलात बसलेल्या. गाडी आमची, वेळ चंद्राची, अशी ती ओढाताण होती.

आईला यात नवल वाटले नाही. तिचे माहेर गुहागरचे. तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती असते, हे तिला लहानपणापासून ठाऊक आहे: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. भारतीय सर्वेक्षण खात्याच्या छापील कोष्टकांशी ताडून पाहिले तर कोकणात हा हिशेब पाऊण-एक तासाच्या फरकाने बरोबर येतो, आणि खाडीत कधी शिरावे हे ठरवायला पहिला अंदाज म्हणून तो पुरतो. पौर्णिमा-अमावास्येच्या पाठोपाठ उधाण येते, अष्टमीच्या आसपास भांग असते, म्हणजे पाण्याची चढउतार कमी. दक्षिणेला जावे तशी ही चढउतार मुळातच घटत जाते. मुंबईत उधाणाला पाणी साडेचार मीटरपर्यंत वर-खाली होते, गोव्यात दोनएक मीटर, कोचीला मीटरभर. आम्ही निघताना आई विचारते, “मग येणार कधी ते तरी सांग.” मी सांगतो, “पौर्णिमेच्या आसपास गोव्यात असू.” त्यावर ती म्हणते, “म्हणजे दुपारची भरती. आधी जेवून घ्या.” तारखेवाचून आमचे संभाषण आता नीट चालते.

एकच तारीख अशी आहे जी समुद्र आपल्याला देतो, आणि ती पाळावीच लागते. नैर्ऋत्य मोसमी वारा सुरू झाला की या किनाऱ्यावर लहान बोटीला जागा नाही. खाड्यांच्या तोंडावर लाटा फुटू लागतात, आत शिरणे बाहेर राहण्याहून धोक्याचे होते. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून कोळी बांधव पुन्हा समुद्रात उतरतात. शिडाच्या बोटी त्याहून आधी, मेच्या मध्यापर्यंत, पाण्याबाहेर काढाव्यात आणि त्याहून बऱ्याच उशिरा उतरवाव्यात असे माझे मत आहे, कारण अरबी समुद्रातली चक्रीवादळे पावसाळ्याच्या दोन्ही टोकांना येतात. तौक्ते २०२१ च्या मेमध्ये आले. निसर्ग ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले आणि श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा त्याने आडव्या केल्या. फयान तर २००९ च्या नोव्हेंबरात आले, जेव्हा पाऊस संपला म्हणून सगळे निर्धास्त असतात. वादळाचा प्रश्न विचारणाऱ्यांना माझे उत्तर एवढेच असते, की वादळाशी झुंजण्याची वेळ येऊ नये यासाठीच आम्ही इतके थांबतो. चार दिवस आधी अंदाज मिळतो, आणि तो पाहून ज्याला खाडीतून हलायचे नाही असे ठरवता येते, तो पुष्कळसा सुरक्षित असतो. ज्याला सोमवारी कार्यालयात हजर व्हायचे आहे त्याचे तसे नसते.

त्या अंदाजाच्या बाबतीत पुणेकराला थोडी फुशारकी मारायला वाव आहे. हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आले. पुढे ते दिल्लीला गेले, पण शिवाजीनगरच्या त्या इमारतीला लोक अजून सिमला ऑफिस म्हणतात आणि खात्याचे बरेच काम आजही तिथे चालते. समुद्राचे अधिकृत नकाशे डेहराडूनचे राष्ट्रीय जलालेखन कार्यालय काढते, आणि लाटांचा अंदाज देणारी इन्कॉइस ही संस्था हैदराबादला आहे. समुद्रावर जाणाऱ्या माणसाला लागणारे बहुतेक कागद समुद्र न दिसणाऱ्या गावांतून येतात. तेव्हा पुण्यात राहून बोटीचे वेड लागणे फारसे विचित्र मानू नये.

आपल्याकडे शिडाच्या बोटींचे नाव निघते ते बहुधा मोठ्या मोहिमांमुळे. लष्कराच्या कोअर ऑफ इंजिनिअर्सने, म्हणजे ज्यांचे महाविद्यालय आमच्या दापोडीला आहे त्यांनी, ‘तृष्णा’ या ३७ फुटी बोटीतून १९८५ ते १९८७ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा केली. नौदलाचे दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वरून एकट्याने ती पुरी केली. या मोहिमांचा आदर बाळगूनही मला वाटते, की आमच्यासारख्यांनी त्यांच्याकडे नमुना म्हणून पाहू नये. त्यांना मुक्कामाच्या तारखा असतात, किनाऱ्यावर पाठबळ असते, आणि बोटीवरचा प्रत्येक जण कामावर असतो.

आमच्या प्रश्नाच्या जवळ जाणारी गोष्ट १९६८-६९ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीची आहे. कोठेही न थांबता, एकट्याने जगाला फेरी मारायची होती. नऊ जण निघाले आणि एकच पोहोचला: रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, ३१२ दिवसांनी, आणि तो ज्या ३२ फुटी ‘सुहेली’वर होता ती आपल्या मुंबईत सागवानात बांधलेली होती. याच शर्यतीत बर्नार मोतेसिए हा फ्रेंच नावाडी केप हॉर्न ओलांडून आला, बक्षीस मिळण्याची शक्यता होती, आणि त्याने युरोपकडे वळण्याऐवजी सरळ पुढे जाऊन ताहिती गाठले. नित्याचे जग सोडून जाणाऱ्यांमध्ये मोतेसिए देवासारखा पूजला जातो. मला त्याच्याबद्दल कौतुक आहे, पण त्याची पत्नी तिकडे वाट पाहत होती ही बाब त्याचे भक्त भरभर वाचून पुढे जातात. पळून जाणे आणि सांगून निघणे यांत फरक आहे, आणि सांगून निघण्याला फार जास्त पूर्वतयारी लागते.

ती पूर्वतयारी म्हणजे निव्वळ कारकुनी आहे. आई धाकट्या भावाकडे सहकारनगरला असते. तिच्या औषधांचा कागद, डॉक्टरांची वेळ आणि रात्री-अपरात्री कोणाला बोलवायचे ही यादी आम्ही बोटीच्या यादीच्या आधी केली. भावाच्या नावे मुखत्यारपत्र करून दिले. सोसायटीची वर्गणी, विजेचे बिल, आरोग्यविम्याचा हप्ता हे सर्व खात्यातून आपोआप जाण्याची व्यवस्था केली. तरीही एक अडचण उरली, जिचा विचार जुन्या कोणत्याही खलाशाला करावा लागला नसेल: बँकेचा ओटीपी. किनाऱ्यापासून थोडे लांब गेले की मोबाइलची रेंज जाते, ओटीपी दहा मिनिटांत बाद होतो, आणि तो नेमका ज्या दिवशी दोन खाड्यांच्या मध्ये अडकलेलो असू त्या दिवशी लागतो. इरिडियम किंवा थुरायाचा उपग्रह फोन ठेवावा असे परदेशी नावाडी सुचवतात. तो भारतात परवान्याशिवाय बाळगणे बेकायदा आहे. आम्ही सगळे व्यवहार खाडीतल्या मुक्कामाच्या दिवशी उरकतो. किनाऱ्याजवळ राहण्याचे ते एक अत्यंत अरसिक पण खरे कारण आहे.

पैशाविषयी थोडक्यात. बोटीच्या किमतीच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी देखभालीला लागते असा जुना ठोकताळा आहे. बोट जुनी आणि स्वस्त असेल तर हे प्रमाण वाढते, कारण शिडाचे कापड आणि इंजिनाचे सुटे भाग विकणाऱ्याला तुम्ही बोट कितीला घेतली याच्याशी देणे-घेणे नसते. म्हणून लहान बोट घ्यावी. तीस फुटांऐवजी चाळीस फुटांची बोट घेतली तर लांबी एक-तृतीयांशाने वाढते, पण त्याच आकाराच्या बोटीचे वजन दुपटीहून जास्त होते, आणि नांगर, साखळी, शीड, बुडाचा रंग, क्रेनचे भाडे हे सगळे त्या वजनामागे धावतात. शिवाय मोठे शीड वाऱ्यात एकट्या माणसाला आवरत नाही. ज्यांना वाटते की आणखी पाच वर्षे नोकरी करून मोठी बोट घेऊ, त्यांनी त्या पाच वर्षांत आपले गुडघेही पाच वर्षांनी जुने होणार हे लक्षात घ्यावे.

लहान बोटीवर घर चालवणे हा पत्नीच्या अखत्यारीतला विषय आहे, पण गॅसची जबाबदारी माझी. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. घरात गळला तर खिडकी उघडता येते. बोटीत तो तळाशी, जिथे दार नाही तिथे जाऊन साचतो आणि ठिणगीची वाट पाहतो. त्यामुळे सिलिंडर बाहेर, तळाला भोक असलेल्या कप्प्यात, आणि स्वयंपाक झाला की शेगडीची कळ बंद करण्याआधी सिलिंडरची, म्हणजे नळीत उरलेला वायूही जळून जातो. शेगडी पाळण्यासारखी दोन कड्यांवर झुलते. तिच्यावर कुकर हे सर्वोत्तम भांडे, कारण झाकण अडकलेले असते आणि बोट कितीही कलली तरी वरण भातातच राहते. फ्रिज आम्ही ठेवलेला नाही. शंभर वॉटचे सौर पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला चारशेच्या आसपास वॉट-तास देते आणि बाराव्होल्टी छोटा फ्रिज एकटाच तेवढे खाऊन टाकतो. त्यापेक्षा भाजणी, मेतकूट, सातूचे पीठ, कोकम, लसणीची चटणी. आपल्या आज्यांनी फ्रिजवाचून जे टिकवले ते सगळे इथे टिकते. गोडे पाणी दोनशे लिटर. भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची आणि वाटीभर गोड्या पाण्याने विसळायची. पुण्यात नळाला एक दिवस पाणी येणार नाही म्हणून बादल्या भरून ठेवणाऱ्या माणसाला हे शिकवावे लागत नाही.

या जीवनात झोप लागणे किंवा न लागणे हे एका कामावर अवलंबून असते, आणि ते नांगर टाकण्याचे. जयगडच्या खाडीत संध्याकाळी आत शिरलो की पत्नी सुकाणूवर असते आणि मी नाळेवर. ती खोली ओरडून सांगत असते: सहा, पाच, साडेचार, चार. चार मीटरवर ती बोटीचे तोंड वाऱ्याकडे करून वेग शून्यावर आणते. मी लगेच नांगर सोडत नाही. भरतीला पाणी आणखी दोन मीटर चढणार, आणि साखळी पाण्याच्या पृष्ठभागापासून नव्हे तर माझ्या हातापासून सुटते, म्हणजे आणखी एक मीटर. चार, दोन आणि एक मिळून सात. त्याच्या पाचपट साखळी, म्हणजे ३५ मीटर. साखळीवर दर दहा मीटरला रंगाचे पट्टे आहेत: एक, दोन, तीन. नांगर सोडल्यावर बोट वाऱ्याबरोबर हळूहळू मागे सरकते आणि साखळी तळावर ओळीने पसरत जाते. एकदम सोडली तर तिचा ढीग होतो आणि नांगर त्यातच गुंततो. नांगर आपल्या वजनाने बोट धरत नाही. लांब साखळीमुळे ओढ आडवी राहते आणि त्या आडव्या ओढीने त्याचे पाते चिखलात घुसते, ते धरते. शेवटी पत्नी इंजिन उलटे चालवते आणि मी उजवा हात साखळीवर ठेवून उभा राहतो. साखळी थरथरत असेल तर नांगर घसरतो आहे. ती ताठ होऊन शांत झाली की मी किल्ल्याचा बुरूज आणि त्यामागची वीजप्रकल्पाची चिमणी एका रेषेत धरतो. पाच मिनिटांनी ती दोन्ही अजून त्याच रेषेत असतील तरच चहा. नाहीतर सगळे वर ओढून पुन्हा, मग अंधार पडत असला तरी.

रात्रीचा प्रवास आम्ही शक्यतो टाळतो, आणि कारण जहाजे नव्हे. जहाजांवर ठळक दिवे असतात आणि व्हीएचएफ रेडिओच्या १६ क्रमांकाच्या वाहिनीवर ती उत्तर देतात. भीती जाळ्यांची. किनाऱ्यालगत मैल-मैल लांबीची जाळी सोडलेली असतात, त्यांचे बोये रात्री दिसत नाहीत, आणि एक दोर पंख्यात गुंतला तर आमचे इंजिन आणि कोणाचे तरी महिन्याचे उत्पन्न दोन्ही संपते. जाळे कुठून कुठे आहे हे विचारायला सकाळी शेजारच्या नौकेकडे जावे, तर तांडेल, म्हणजे नौकेचा प्रमुख, आधी आपले कुतूहल भागवून घेतो. हर्णैला एकाने विचारले होते, “काका, मासे नाही, माल नाही, पाहुणे नाहीत, मग जाता कशाला?” मी म्हटले, बघायला. त्याने बोटीकडे नीट पाहिले आणि म्हणाला, “मग घाई कसली? उद्या दुपारपर्यंत बाहेर वारा उलटा आहे.” आम्ही राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सुवर्णदुर्गापलीकडे फेसाळलेले पाणी दिसत होते.

सोयींची उणीव मात्र सांगायलाच हवी. कोकणात लहान बोटींसाठी मरीना नाहीत. किनाऱ्यावर जायचे तर मच्छीमारांच्या धक्क्याला छोटी होडी लावावी लागते, डिझेल कॅनमधून वाहून आणावे लागते, आणि २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर तपासणी वाढल्यामुळे प्रत्येक बंदरात सागरी पोलिसांना तीच कागदपत्रे आणि तीच कहाणी पुन्हा सांगावी लागते. ते सौजन्याने वागतात, पण पुढच्या मुक्कामाला कधी पोहोचणार हा रकाना भरून मागतात. तिथे आम्ही ‘हवामानानुसार’ लिहितो. एका ठिकाणी त्यावर हरकत आली. मग एक तारीख लिहिली आणि त्यापुढे ‘अंदाजे’.

या हंगामात मात्र खरीच एक तारीख आमच्यापुढे आहे. फेब्रुवारीत भाच्याचे लग्न पुण्यात आहे, कार्यालय वर्षभर आधी घेतलेले आहे आणि मुहूर्त सकाळी अकरा वाजून त्रेचाळीस मिनिटांचा आहे. बहिणीने विचारले, “तुम्ही बोटीने येणार की वेळेवर?” तिच्या समाधानासाठी ठरवले ते असे, की जानेवारीच्या शेवटी जिथे असू तिथून मांडवी नदीत शिरायचे, पणजीजवळ दोन नांगरांवर बोट उभी करायची, ओळखीच्या एका होडीवाल्याला रोज साखळी पाहायला सांगायचे, आणि लग्नाच्या तीन दिवस आधी रस्त्याने निघायचे. अहेराची साडी आणि माझा सदरा-जाकीट दमट हवेत खराब होऊ नये म्हणून भावाकडेच ठेवले आहेत. पणजीहून बस रात्री सुटते आणि सकाळी स्वारगेटला पोहोचते, साधारण वेळेवर.